इंजिन मरत नाही, रबर मरतं

जुनी डिझेल कूपे घ्यावी का, असं विचारणारं कोणी ना कोणी मला दर दोन-तीन महिन्यांनी भेटतंच. कधी डिझेल भरताना, कधी देवळाच्या पार्किंगमध्ये, तर कधी सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली करून. माझी गाडी १९८३ची मर्सिडीज ३०० सीडी टर्बोडिझेल. दोन दारं, पाच सिलिंडर, पुढच्या-मागच्या खिडक्यांमध्ये खांब नाही. घेतली तेव्हा ती तिशीची होती, आता चाळिशी उलटून गेली. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते, म्हणजे टेस्लाच्या कारखान्याच्या गावात. आमच्या गल्लीत सकाळी आवाज करून निघणारी गाडी ही एकटीच. विचारणाऱ्यांना तेच तेच सांगून झालं, म्हणून एकदा लिहून काढते.

१. ही गाडी कायद्यापायी जन्मली, हे आधी समजून घ्या.

१९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ साली कायदा केला. एखादी कंपनी वर्षभरात जेवढ्या गाड्या विकेल, त्या सगळ्यांचं मिळून सरासरी मायलेज ठरलेल्या आकड्याच्या वर हवं. १९७८च्या मॉडेलांसाठी तो आकडा होता गॅलनला १८ मैल. मोठमोठी पेट्रोल इंजिनं विकणाऱ्या मर्सिडीजला ही सरासरी सावरायची होती. मग १९७७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या नव्याकोऱ्या देखण्या कूपेत त्यांनी आपलं पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवलं. जर्मनीतले टॅक्सीवाले पिढ्यान्पिढ्या वापरत आले, त्याच घराण्यातलं. युरोपात ही जोडी विक्रीलाच ठेवली नाही; तिथे कूपे म्हटली की पेट्रोल. फक्त उत्तर अमेरिकेसाठी १९८५पर्यंत साध्या आणि टर्बो मिळून साडेपंधरा हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या. तेव्हा कूपे म्हणून जी चपळाई डोळ्यांपुढे येते, ती इथे शोधू नका. अंगकाठी कूपेची, चाल टॅक्सीची. मला हीच गंमत वाटते, सगळ्यांना वाटेल असं नाही.

२. आधी पत्रा बघा, इंजिन सवडीने.

विकणारा तुम्हाला पहिल्यांदा इंजिनच ऐकवणार. ऐका, मान डोलवा आणि खाली वाका. बॅटरी ठेवायच्या ट्रेखाली बोट फिरवा. जॅक लावायची चार भोकं पाहा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खळग्यात टॉर्च मारा. मागच्या काचेच्या खालच्या कडेला रंगाचा फोड आलाय का, तो नखाने दाबून बघा. सनरूफचं पाणी ज्या नळ्यांतून खाली जातं त्या तुंबल्या की गंज आतून सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. इंजिनाचं काम पैसे टाकले की होतं. कुजलेल्या पत्र्यात कितीही पैसे ओता, तो पुन्हा फुटतो. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतली गाडी आणि बर्फावर मीठ टाकणाऱ्या राज्यातली गाडी यांच्या किमतीत फरक दिसला तर तो योग्यच आहे.

३. मैलांचा आकडा वाचून सोडून द्या.

या काळातल्या मीटरमधलं एक छोटं चाक कालांतराने आसावर सैल होतं. वेगाचा काटा चालू राहतो, मैल मोजणं बंद पडतं. त्यामुळे दीड लाख मैल दाखवणारी गाडी खरोखर किती फिरलीय, हे पुष्कळदा मालकालाही ठाऊक नसतं. त्यापेक्षा ब्रेकच्या पेडलवरचं रबर किती गुळगुळीत झालंय ते बघा. ड्रायव्हरच्या सीटवर बसा. स्प्रिंगा बसल्या असतील तर डावीकडे कलल्यासारखं वाटतं. आणि जुन्या पावत्यांचा गठ्ठा मागा. गठ्ठा नाही म्हणाला, तर किंमत पाडा.

४. टॅपेट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

माझा मामा कराड-पाटण रस्त्यावर वडापची, म्हणजे माणशी भाडं घेणारी, ट्रॅक्स जीप चालवायचा. त्या ट्रॅक्समधलं इंजिन म्हणजे बजाज टेम्पोने (आताच्या फोर्स मोटर्सने) पुण्यात मर्सिडीजच्या परवान्याने बनवलेलं ओएम ६१६. चार सिलिंडर. माझ्या कूपेत आहे ओएम ६१७. मूळ जर्मन आराखड्यात दोन्हींचा बोअर ९०.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९२.४ मिलिमीटर, ६१७ला एक सिलिंडर जास्त, आणि माझ्याकडच्याला वर टर्बो. सातारा जिल्ह्यात बारा-पंधरा माणसं, दोन शेरडं आणि टपावर कांद्याची पोती घेऊन चढ चढणारं ते आणि इथे कॉफीच्या दुकानासमोर लोक फोटो काढतात ते, सख्खे भाऊ.

गाडी घेतल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात सकाळी ती उठेना. स्टार्टर फिरतोय, पांढरा धूर येतोय, गाडी धरत नाही. इथल्या एका गॅरेजवाल्याने डिझेल पंप बदलावा लागेल म्हणून असा आकडा सांगितला की त्यात आणखी एक जुनी गाडी आली असती. मामाला फोन लावला आणि बॉनेटवर ठेवला.

"हीटर बघितलंस का?"

"पाचही ग्लो प्लग नवीन टाकलेत, मामा."

"मग हीटरची भाषा सोड. थंडीत उठंना झालीय म्हंजी टॅपेट टाईट झाल्यात. कवा लावल्यात शेवटची?"

पावत्यांच्या गठ्ठ्यात त्या कामाची नोंद कुठेच नव्हती. या इंजिनात टॅपेट आपोआप सेट होत नाहीत. दर १५ हजार मैलांना हाताने लावावी लागतात. वापरात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू रुततो आणि त्याच्या व कॅमच्या मधली ठरलेली गॅप कमी होत जाते. गॅप उरली नाही की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं. डिझेलमध्ये ठिणगी नसते, दाबानेच पेट घ्यायचा असतो. दाब नाही तर पेट नाही, एवढा साधा हिशेब.

कामाला लागतात दोन १४ नंबरचे वाकडे पाने, फिलर गेज आणि क्रँक फिरवायला २७चा सॉकेट. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. वरचं झाकण काढायचं, क्रँक हाताने फिरवून ज्या व्हॉल्व्हचं काम करायचं त्याच्या कॅमचं नाक वर आणायचं, आणि पट्टी सरकवून बघायची. टर्बो इंजिनात हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० मिलिमीटर, धूर सोडणाऱ्याला ०.३५. माझ्या गाडीत धुराच्या पाचपैकी तीन व्हॉल्व्हमध्ये सर्वांत बारीक पट्टीसुद्धा शिरत नव्हती. एका पान्याने खालचा नट धरायचा, दुसऱ्याने वरची टोपी फिरवायची, आवळताना गॅप पुन्हा हलते, मग पुन्हा पट्टी. पट्टी ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखा जो हलका अडसर लागतो तो बोटांना कळेपर्यंत एक दुपार जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात उठली. पंप आजही तोच आहे.

मामाचं त्या दिवशीचं वाक्य या लेखाच्या माथ्यावर आहे. टॅपेटचं काम रबराचं नव्हे, हे खरं, पण पुढे तो म्हणाला, "इंजिन सांभाळलंस तर तुझ्या पोरीला पुरंल. आजूबाजूचं रबर मातूर रोज मरणाराय, त्याच्याकडं बघ."

५. किल्ली काढली तरी गाडी चालूच राहिली, तर घाबरू नका.

पेट्रोल गाडीत किल्ली फिरवली की ठिणगी बंद आणि इंजिन बंद. इथे ठिणगीच नाही. किल्ली फिरवल्यावर व्हॅक्यूमची ओढ एका तपकिरी नळीतून डिझेल पंपापर्यंत पोचते आणि पंप डिझेल तोडतो. याच व्हॅक्यूमवर दारांची सेंट्रल लॉक चालतात. डिकीचं लॉक, डिझेलच्या झाकणाचं लॉक, एसीच्या झडपा, गिअर बदलण्याचं तंत्र, सगळं त्याच एका घरातलं. एखाद्या दाराच्या आतला रबरी पडदा फाटला की व्हॅक्यूम तिथून गळतो आणि त्याचा परिणाम भलतीकडेच दिसतो.

मला तो दिवाळीच्या कार्यक्रमाला दिसला. सनीवेलमध्ये सभागृहाच्या दारात गाडी लावली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली, आणि गाडी आपली धडधडतेच आहे. मागे चार गाड्या थांबलेल्या. अंगावर पैठणी. या मर्सिडीजचं बॉनेट सरळ नव्वद अंशांत उभं करता येतं. ते केलं, पदर खोचला, आणि पंपाशेजारचा 'स्टॉप' असं लिहिलेला खटका दाबून धरला. दोन-तीन आचके देऊन इंजिन बंद झालं. हा खटका कंपनीनेच दिलेला आहे. गाडी घ्याल त्या दिवशी तो कुठे आहे ते बघून ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

दोष शोधायला हाताने चालणारा छोटा व्हॅक्यूम पंप आणि त्यावरचा गेज पुरतो. एकेक शाखा वेगळी करून ओढ द्यायची आणि काटा टिकतो का बघायचं. माझ्या गाडीत तो टिकला नाही डाव्या दारात. चाळीस वर्षांचं रबर ते, त्याला कोण काय बोलणार.

६. गिअरबॉक्स धक्के मारतो म्हणून स्वस्तात मिळणारी गाडी सोडू नका. चार गिअरचा हा ऑटोमॅटिक बॉक्स साधारणपणे दुसऱ्या गिअरमध्येच उठतो. पाय दाबून धरला तरच पहिला. तो दोष नव्हे, तशीच रचना आहे. आणि धक्क्यांचं कारण बऱ्याचदा वरच्या परिच्छेदातलंच असतं: कुठली तरी फाटकी व्हॅक्यूमची नळी.

७. पिकअप गेला की टर्बोला लगेच दोष देऊ नका.

इनटेक मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी निघून डिझेल पंपाच्या डोक्यावरच्या डबीला जाते. टर्बोचा दाब वाढला की ही डबी पंपाला 'आता डिझेल वाढव' असं सांगते. नळीच्या तोंडाशी एक पोकळ बोल्ट असतो. तो काजळीने बुजला की निरोप पोचत नाही आणि गाडी टर्बो नसल्यासारखी रांगते. सांताक्रूझकडे जाणाऱ्या १७ नंबरच्या घाटात माझ्यामागे ट्रकवाले हॉर्न मारायला लागले तेव्हा मी हे शोधलं. बोल्ट काढून बघितला तर भोकातून पलीकडचं काही दिसेना. आत डांबरासारखा काळा लगदा. तारेने खरवडला, डिझेलमध्ये धुतला, परत बसवला. खर्च शून्य. आता दर ऑइल बदलाला तो बोल्ट काढून बघते.

मुळात या इंजिनात दम कमी नाही. याच इंजिनावरून तयार केलेल्या टर्बो डिझेलवर मर्सिडीजच्या सी १११ या प्रयोगाच्या गाडीने १९७८ साली इटलीत नार्दोच्या गोल ट्रॅकवर ताशी ३०० किलोमीटरहून जास्त सरासरीने १२ तास धाव घेतली होती. माझी गाडी हे ऐकून कधीच जोरात पळालेली नाही.

८. डिझेल स्वस्त पडतं, हा हिशेब विसरा.

कॅलिफोर्नियात डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग असतं. गाडी देते गॅलनला पंचवीस मैलांच्या आसपास, म्हणजे लिटरला साडेदहा किलोमीटर. आजची साधी हायब्रिड याच्या दुप्पट देते. पैसे वाचवायला ही गाडी घेणाऱ्याला मी हात जोडून परत पाठवते.

दुसरा मुद्दा धुराचा. कॅलिफोर्नियात १९९७ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. विकणारे हे मोठ्या अक्षरांत लिहितात. माफी आहे म्हणजे धूर नाही, असं मात्र समजू नका. चढावर आरशात मागे बघितलं की काळा पट्टा दिसतो आणि मागच्या गाडीतलं लहान मूल काच वर करताना दिसतं. मला ते दिसतं, म्हणून रोजच्या ऑफिसला मी ही गाडी नेत नाही. त्याला ट्रेन आहे. नोझल वेळेवर तपासली, टॅपेट लावली, एअर फिल्टर बदलला तर धूर खूप कमी होतो, जात नाही.

त्यात एक बरा बदल झालाय. आज या राज्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये अर्ध्याहून जास्त भाग चरबी आणि तेलांपासून बनवलेल्या डिझेलचा असतो. धूर कमी, वास जवळपास नाही, इंजिनाचा आवाजही जरा मवाळ. पण जुन्या सीलना ते मानवत नाही. वर्षानुवर्षं साध्या डिझेलमध्ये फुगून बसलेलं रबर आकसतं आणि पंप पाझरायला लागतो. नवी सील टाकली की प्रश्न मिटतो. नोझलवरून जाणाऱ्या कापडी वेष्टनाच्या परतीच्या नळ्याही त्याच वेळी बदला; त्या मीटरवर मिळतात आणि कात्रीने कापता येतात.

९. गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. टाकीत पाणी साचतं, त्यात जीवाणू वाढतात, आणि मग फिल्टरमध्ये काळं शेवाळ येतं. या गाडीला डिझेलचे दोन फिल्टर: एक पारदर्शक छोटा, एक मोठा. छोट्यात काळं दिसलं की दोन्ही बदला. बदलल्यावर हवा धरते, तेव्हा पंपावरची मूठ सैल करून हाताने डिझेल वर आणा. ती मूठच कधी कधी हवा घेते. तिचं नवं मॉडेल मिळतं, ते आधीच टाका.

१०. इंजिन सेडानचं आहे, अंग कूपेचं एकटीचं.

याच काळातली चार दारांची ३०० डी इथल्या भंगारयार्डात अजून सापडते. तिचं इंजिन, बॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, डॅशची बटणं, सगळं कूपेला चालतं. पण कूपेचा सांगाडा ८५ मिलिमीटर आखूड. दारं लांब आणि जड, काचा वेगळ्या, छप्पर वेगळं, मागच्या खिडक्यांच्या मोटरी वेगळ्या. खिडक्यांच्या मध्ये खांब नाही, त्यामुळे दोन्ही काचा खाली केल्यावर जे मोकळं मोकळं वाटतं त्याच्यासाठीच मी ही गाडी घेतली. त्याच खांबाच्या जागी दोन काचा रबराला रबर लावून मिटतात, आणि ते रबर कडक झालं की ताशी ६० मैलांना कानाशी शिट्टी वाजते. पावसात थेंब मांडीवर. दाराचा वजनदार पल्ला चाळीस वर्षं बिजागरीला लोंबकळलेला असतो; उघडून हाताने वर उचलून बघा, खुळखुळला तर तेही काम आलं.

मागची सीट दोघांची. माझी मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत तिथे मजेत बसायची. आता ती पाच फूट आठ आहे आणि पुढे बसायला भांडते. सासूबाई एकदा मागे बसल्या, त्यांना बाहेर काढायला दोघं लागलो, त्यानंतर त्यांनी या गाडीचा विषय काढलेला नाही.

११. ऑइलचा काटा शिकून घ्या. गाडी पळत असताना तो ३ बारला टेकलेला हवा. सिग्नलला उभी असताना खाली येतो, ते चालतं. पळताना तो ३ सोडायला लागला तर बाजूला घ्या. डॅशवर इतकी उपकरणं आहेत, पण रोज बघायचं असं हे एकच.

१२. मेकॅनिक शोधताना एकच प्रश्न विचारा: "टॅपेट तुम्ही स्वतः लावता का?" हो म्हणाला तर चहा प्या, नाही म्हणाला तर आभार माना. संगणक लावून दोष वाचणाऱ्या तरुण मुलांची चूक नाही. या गाडीला संगणक लावायची जागाच नाही. माझा सध्याचा मेकॅनिक सत्तरीचा आहे आणि दर भेटीत निवृत्तीची धमकी देतो. म्हणून निम्मी कामं मी शिकून घेतली. उरलेल्या निम्म्यांचं काय करायचं, ते ठरलेलं नाही.

१३. जो सुटा भाग आज मिळतोय तो आजच घ्या.

मर्सिडीज जुन्या गाड्यांचे पुष्कळ भाग अजून पुरवते, ही मोठी सोय आहे. इंजिनाचं तर जवळजवळ काहीच अडत नाही. अडतं ते कूपेच्या खास रबरांवाचून आणि काचांवाचून. ती अधूनमधून बनतात, येतात, संपतात. आमच्या गॅरेजमध्ये एक फळी फक्त यांचीच आहे. नवऱ्याने तिच्यावर 'न मेलेल्यांचं सामान' अशी चिठ्ठी लावून ठेवली आहे. डाव्या दाराची दोन रबरं त्या फळीवर आहेत. उजव्याचं मागवायला गेले तर दुकानदार म्हणाला, साठा संपला, पुढचा कधी येईल सांगता येत नाही. कोणाकडे पडून असेल तर कळवा. बदल्यात डावं देईन, आणि टॅपेटही लावून देईन.